ज्याच्यावर राज्य येतें

एखादें काम अगदींच हलकें आहे असें सांगावयाचें असलें म्हणजे आपण त्यास ‘पोरखेळ’ म्हणतों. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला, त्यानें दहा-बारा मुलांस घरीं बोलावून दोन तास खेळविण्याचा प्रसंग स्वतःवर कधीं ओढवून घेतला नसावा. मीं तो घेतला. आणि वीस वर्षें वर्गावर उभें राहून जें मला कळलें नव्हतें, तें त्या दोन तासांनीं शिकविलें.

गेल्या वर्षीं नाताळच्या सुट्टींत आमच्या कन्येचा नववा वाढदिवस आला. बाहेर भाड्यानें जागा घ्यावी, मोठ्या आवाजांत गाणीं लावावीं, केक कापावा आणि हातीं खाऊचे पुडे देऊन मुलांस वाटेस लावावें, ही हल्लींची रीत मला फारशी रुचत नाहीं. “घरींच करूं, खेळांचें मी पाहतों,” असें मीं मोठ्या ऐटीनें सांगितलें. शिक्षकच मी! वही घेऊन वेळापत्रक आखलें: चार वाजतां स्वागत, सव्वाचारला संगीतखुर्ची, पावणेपांचला लिंबूचमचा, सव्वापांचला बेडूकउड्या, पावणेसहाला अल्पोपहार. पहिल्या तीन क्रमांकांसाठीं बक्षिसें आणिलीं. शिट्टीही गळ्यांत अडकविली. ती पाहून पत्नीनें विचारलें, “आज वाढदिवस आहे कीं क्रीडास्पर्धा?” मीं तें हसण्यावारी नेलें.

तेरा मुलें जमलीं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं कपड्यांस इस्त्री करणारें एक कुटुंब राहतें. त्यांचा सहा वर्षांचा मुलगाही आला होता. सर्वांत लहान तोच. संगीतखुर्ची सुरू झाली: मुलें तेरा, खुर्च्या बारा. गाणें थांबलें, धांदल उडाली, आणि पहिल्याच फेरींत तो एकटा उभा राहिला. मीं शिट्टी फुंकून “आउट!” म्हटलें व त्यास पायरीकडे जाण्याची खूण केली. तो निमूटपणें गेला. खेळ पुढें चालला. शेवटीं दोन चपळ मुलें आणि एक खुर्ची उरली, तेव्हां आरडाओरडीनें घर दणाणून गेलें. आपला बेत उत्तम साधला अशा समाधानांत मी होतों.

अल्पोपहाराच्या वेळीं पोह्यांची एक बशी उरली. पत्नीनें मुलें मोजलीं, तों बाराच भरलीं. दाराशीं पाहिलें, तर त्या लहानग्याच्या चपला नव्हत्या. बशी झांकून घेऊन मी त्याच्या घरीं गेलों. तो आईजवळ बसला होता. “वहिनी, हा न सांगतां कां निघून आला?” असें मीं विचारलें. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, “सर, रागावूं नका. त्याला वाटलं, आउट झालं कीं घरीं यायचं असतं.”

त्याची चूक ती काय? मीं उच्चारलेल्या शब्दाचा त्यानें सरळ अर्थ केला, इतकेंच.

घरीं परततांना मीं मनाशीं हिशेब मांडला. बारा फेऱ्या, प्रत्येकीस सुमारें दोन मिनिटें. जो सर्वांत चपळ, त्याच्या वांट्यास चोवीस मिनिटें खेळ आला. जो सर्वांत लहान व खेळास नवखा, त्याच्या वांट्यास दोन मिनिटें. ज्यास खेळण्याची गरज अधिक, त्यासच आधीं उठवावयाचें, असा हा न्याय! आणि मग वर्गाची आठवण होऊन मी अधिकच खजील झालों. उत्तर न आलेल्या मुलास “बस खालीं” म्हणून तोच प्रश्न हुशार मुलाकडे नेणें, ही तरी दुसरी संगीतखुर्चीच नव्हे काय? लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत मेजवानी देणाऱ्यास प्रभूनें सांगितलें आहे कीं, परत बोलावूं शकतील अशांस नव्हे, तर परतफेड करण्यास ज्यांच्याजवळ कांहीं नाहीं, अशांस बोलवावें. मीं त्या मुलास बोलाविलें होतें खरें; पण बोलावून दोनच मिनिटांत पायरीवर नेऊन बसविलें होतें.

त्या रात्रीं मला माझ्या लहानपणचे खेळ आठवूं लागले. लपंडाव, शिवाशिवी, आंधळी कोशिंबीर ह्यांत जो सांपडतो, त्यास आपण काय म्हणतों? तो ‘आउट’ होत नाहीं. त्याच्यावर ‘राज्य’ येतें! जो हरला तोच पुढील डावाचा मुख्य होतो, आणि त्याच्यावांचून खेळच चालत नाहीं. साखळींत जो पकडला गेला तो हातांत हात घालून साखळीचा एक दुवा बनतो. विषामृतांत विष लागलेला जागच्या जागीं थांबतो खरा. पण मोकळा सोबती ‘अमृत’ म्हणून शिवला कीं तो पुन्हां धांवूं लागतो. आपल्या सर्वच खेळांत असें आहे, असें मी म्हणणार नाहीं. लंगडींत व खो-खोंत गडी बाद होतातच. तथापि डाव पालटला म्हणजे त्यांची पाठलागाची पाळी येते. आणि अगदीं लहान मुलांसाठीं तर मुलांनीं स्वतःच एक कायदा करून ठेविला आहे: तो ‘लिंबूटिंबू’. लिंबूटिंबू सर्वांबरोबर खेळतो. पण त्याच्यावर राज्य येत नाहीं आणि तो बादही होत नाहीं. वेळापत्रक आखतांना मला हें सुचलें नाहीं. कोणत्याही गल्लींतील मुलांस तें न शिकवितां ठाऊक असतें.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आरंभीं त्याच मुलांस आम्हीं पुन्हां बोलाविलें. ह्या खेपेस कन्येचा सल्ला आधीं घेतला. कोणीच बाद होऊं नये, असा माझा विचार ऐकून ती म्हणाली, “पण बाबा, कोणी हरलंच नाहीं तर मजा काय?” आक्षेप खरा होता. हरण्याची भीति काढून टाकली तर खेळांतील मीठच जातें. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, हरणें राहूं द्यावें. पण हरलेल्यास काम द्यावें. संगीतखुर्चींत जो उठेल, त्यानें पुढच्या फेरीचें गाणें पाठ करून उभें राहून थांबवावें. तें काम मुलांस इतकें आवडलें कीं, दोघांतिघांनीं मुद्दामच खुर्ची सोडल्याचा मला संशय आहे.

ज्यांस घरीं असा बेत करावयाचा असेल, त्यांस माझे अनुभवाचे चार शब्द सांगतों. निमंत्रण देतांनाच ‘हातांत कांहीं आणूं नये’ असें स्पष्ट सांगावें. भेटवस्तूच्या चिंतेनें कित्येक मुलें येतच नाहींत. प्रथम धांवपळीचा खेळ घ्यावा आणि मुलें दमलीं कीं बैठा. बैठ्या खेळांत ताटांतील वस्तूंचा खेळ फार सोयीचा. वीस-पंचवीस लहान वस्तु ताटांत मांडून एक मिनिट दाखवावयाच्या व झांकावयाच्या. मग आठवून सांगावयाच्या. किपलिंग ह्यांच्या १९०१ मधील ‘किम’ ह्या कादंबरीवरून बेडन-पॉवेल ह्यांनीं हा खेळ १९०८ मध्यें आपल्या बालवीरांच्या पुस्तकांत घेतला. तो जोड्या लावून खेळवावा, म्हणजे एकाचें विसरलेलें दुसऱ्यास आठवतें. खाणें अगदीं शेवटीं ठेवूं नये, मध्यें द्यावें; बहुतेक भांडणें भुकेपोटीं होतात. क्रमांकांचीं बक्षिसें नकोत. सर्वांस सारखा खाऊ पुरे. दोन तासांपेक्षां अधिक लांबवूं नये, आणि शेवटचा खेळ मुलांस निवडूं द्यावा.

मुलांनीं विषामृत निवडला, आणि मलाही त्यांत ओढलें. चाळिशी ओलांडलेल्या मास्तरास विष लागण्यास कितीसा वेळ! अंगणाच्या मध्यभागीं मी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकीत थांबलों. मोठीं मुलें आपापल्या धांवण्यांत दंग होतीं. माझ्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. इतक्यांत मागून कोणी तरी माझ्या सदऱ्यास हलकेंच हात लाविला. पाहतों तों तोच इस्त्रीवाल्यांचा मुलगा. “सर, अमृत! पळा!” एवढें बोलून तो निघूनही गेला.

शिट्टी आतां कपाटांत आहे. वर्गांत ‘बस खालीं’ हे शब्द अजून अधूनमधून तोंडून निघतात. परंतु निघतांच तो हात आठवतो, आणि त्या मुलास मी पुन्हां उभा करतों.