बर्फाचे सरपण

१० एप्रिल, जव्हार
गोठलेले मटार उकळत्या पाण्यात पडले की उकळी लगेच बसते. आज त्याचा हिशेब मांडला. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपास उकळते. त्या दीड अंशाने फारसे बिघडत नाही. उष्णता खातो तो बर्फ. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. उणे १८ अंशांचे पाव किलो मटार एक लिटर उकळत्या पाण्यात टाकून आच बंद केली, तर पाणी ६७ अंशांच्या जवळपास येते. तीन लिटर असेल तर ८६ च्या. म्हणूनच पाककृतींत 'भरपूर पाणी घ्या' असे असते. त्या भरपूर पाण्याला सरपणही तिप्पट लागते, हे मात्र कुठे लिहिलेले नसते.

१४ एप्रिल, मोखाडा
मावशीकडे आले. विहिरीने तळ गाठलाय, टँकरची वाट पाहणे सुरू. पावसाळ्यात डोंगरांवरून एवढे पाणी वाहून जाते आणि एप्रिलमध्ये बायकांच्या डोक्यावर हंडे असतात, हे दर वर्षी सलते. मटारांचे पाकीट पाहून मावशी म्हणाली, "यांना उकडायला हंडाभर पाणी ओतू? माझ्यानं नाही व्हायचं."
तिचे बरोबरच आहे. गोठवण्याआधी मटार गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढलेले असतात. वेगळे उकडायची गरज नाही. आम्ही ते थेट कांद्याच्या रश्श्यात टाकले आणि वर झाकण ठेवले. झाकण हवेच: उघड्या भांड्यातून वाफ होऊन गेलेले प्रत्येक ग्रॅम पाणी ५४० कॅलरी घेऊन जाते. मावशी झाकणावरही पाणी ठेवते. तेही कोमट होऊन रश्श्यालाच उपयोगी पडते.

१७ एप्रिल, जव्हार
मासळीचे मटारासारखे नाही. सुरमईचे तुकडे एकमेकांना चिकटून गोठले, की तो गोळा रश्श्यात बाहेरून शिजून तुटतो आणि आत काट्याजवळ कच्चा राहतो. कारण बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळजवळ चौपट सहज जाते. बाहेरचा थर वितळला की तोच आतल्या बर्फावर गोधडीसारखा बसतो. त्यात जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट. तुकडे सुटे, एका थरात गोठवले तर अर्धे काम तिथेच होते.
मासळी ओट्यावर वितळत ठेवू नये. ५ ते ६० अंशांत जंतू वाढतात, आणि इथला एप्रिल नेमका त्यात बसतो. रात्रीच फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवावी. सकाळी चुलीला फक्त शिजवायचे काम उरते. जिथे लाकूड आणि पाणी दोन्ही डोक्यावरून येते, तिथे बर्फ वितळवण्यासाठी चूल पेटवू नका.