शिंजुकूची फटफटी टोळी

मित्रांनो, होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी ही नावं तुम्हाला पाठच असतील. ही चारही नावं जपानची, बरं का! आज त्याच जपानच्या रस्त्यावर जाऊ या. पण दिवसा नाही, मध्यरात्री!

ठिकाण टोकियोतलं शिंजुकू. दिवसा इथल्या स्टेशनात माणसांचा नुसता पूर, तरी सारं कसं शिस्तीत. पण १९७० नंतरच्या काळात शनिवारी रात्री इथे फटफट्यांचा कडकडाट व्हायचा. सायलेन्सर काढलेले, झेंडे लावलेले, सिग्नल तोडून रस्ताभर नागमोडी चाललेले. वर स्वार कोण? सोळा ते वीस वर्षांची पोरं! अंगात लांब कोट आणि त्यावर भरतकामाने काढलेली टोळीची अक्षरं.

१९५० च्या दशकात अशा मुलांना 'कामिनारी-झोकू', म्हणजे गडगडाटी टोळी म्हणत. पुढे नाव पडलं 'बोसोझोकू', बेफाम धावणारी टोळी. १९८२ मध्ये पोलिसांच्या नोंदीत अशी बेचाळीस हजारांवर मुलं होती. मारामाऱ्या होत, अपघातात जीव जात, लोकांची झोप उडे. यात कौतुक करावं असं काही नाही.

मग ही मुलं जात कशाला? हे सिनेमावाल्यांनी शोधलं. मित्सुओ यानागिमाची या दिग्दर्शकाने १९७६ मध्ये शिंजुकूतल्या 'ब्लॅक एम्परर' टोळीवर माहितीपट काढला. काळा-पांढरा, साधा. त्यातला एक मुलगा पोलिसांच्या कचाट्यात सापडतो. रस्त्यावरचा हा वाघ घरी आईवडिलांसमोर बसला, की अगदी पोर दिसतो!

१९८८ चा 'अकिरा' हा कार्टूनपट तर जगभर गाजला. कानेदाची लाल मोटारसायकल सगळ्यांना आठवते. पण त्याचा मित्र तेत्सुओ मनातून कुढत असतो. आपण नेहमी मागे, कानेदाच नेहमी पुढे! ही कुढ पुढे सारं शहर हादरवते.

आता टोकियो सोडून इबाराकी भागातल्या शिमोत्सुमाला येऊ या. सगळीकडे भाताची खाचरं. २००४ मध्ये आलेला एक सिनेमा इथेच घडतो. त्यातली इचिगो कर्कश स्कूटर उडवते. शाळेत तिची टिंगल व्हायची. टोळीत तिला जवळचं माणूस भेटलं. पण खरी मैत्रीण मिळाली ती टोळीबाहेर, झालरीचे फ्रॉक घालणारी मोमोको!

इकुया सातो या जपानी अभ्यासकाने क्योटोतल्या अशा मुलांमध्ये राहून १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की बहुतेक मुलं साध्या घरांतली. विशी आली की टोळी सोडायची, कामधंद्याला लागायची.

पुढे कायदे कडक झाले. आता अशा टोळ्या तुरळकच उरल्यात.

पण मला वाटतं, तो कर्कश आवाज एकच गोष्ट सांगत होता : "माझ्याकडे बघा!" रस्त्यात बघणारं कोणी नसतं, तर कोट कोणाला दाखवणार, भोंगा कोणासाठी वाजवणार? असं एखादं मूल आमच्या वर्गातही असतं. मागच्या बाकावर उगीच पट्टी आपटत बसतं. मी आधी "गप्प बस!" म्हणायचो. आता आधी त्याला नावाने हाक मारतो. पट्टी बहुतेकदा आपोआप थांबते.

तुमच्या वर्गात असा कोणी आहे का? उद्या मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा उघडून तर बघा!