अब्बांचा टॉवेल आणि आमचा प्रवास

सोलापूरकराला टॉवेलविषयी कोणी काही शिकवू नये, असे आमच्या घरी मानले जाते. त्याला कारण आहे. आमच्या अब्बांनी छत्तीस वर्षे यंत्रमागावर टॉवेल विणले. दुकानातला टॉवेल हातात घेतला की ते दोन बोटांत धरून त्याचे फास चाचपतात आणि मगच किंमत विचारतात. अशा घरात पॉलिस्टरचा टॉवेल आणायचा म्हणजे धाडसच होते. आम्ही तो आणला खरा, पण आठ दिवस कपाटात लपवून ठेवला.

याची सुरुवात झाली महाबळेश्वरला. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली, म्हणून अब्बा आणि दोन्ही मुलांना घेऊन एस.टी.ने निघालो. बॅगांत घरचे पाच जाड टॉवेल होते. सोलापुरात दोरीवर टाकलेला टॉवेल दोन-तीन तासांत कडक होतो. आमचा सगळा हिशेब त्या उन्हावर बेतलेला. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या दोन-तीन महिन्यांतच. लॉजच्या खोलीत धुके शिरत होते. तिथे कपडा वाळणार कसा?

शिवाय आपल्या घरांत टॉवेल दिवसातून एकदाच भिजत नाही. सकाळची आंघोळ आणि त्यावर पाच वेळचा वुजू. फजरला ओला झालेला टॉवेल जोहरला ओलाच, इशालाही ओलाच. दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटला. तिसऱ्या दिवशी अब्बा वुजूनंतर तोंड न पुसताच गारठत नमाजला उभे राहिले. परतताना ते पाच ओले टॉवेल प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून ज्याचे त्याने आपापल्या बॅगेत घेतले.

लॉजपासून स्टँडपर्यंत चढ होता. अब्बांचे वय एकाहत्तर. ते आपली बॅग कधीच कोणाला देत नाहीत. त्या दिवशी ते दोनदा थांबले. शेवटी आमच्या मुलाने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरून बॅग काढून घेतली. त्याने चांगल्या मनानेच केले होते, पण सोलापूर येईपर्यंत अब्बा फारसे बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा बेत ठरला, तेव्हा अब्बा म्हणाले, "तुम लोगां जाके आओ. मैं घर संभालतूं." गुडघे दुखत असतील, असे आम्हाला वाटले. खरे कारण धाकट्या मुलीने सांगितले. दादा तिला म्हणाले होते, "अपना बोझा दूसरे के खांदे पे अच्छा नहीं लगता, बेटा." आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्याबरोबर राहणाऱ्या माणसाच्या मनातले आम्हाला वर्षभर कळले नव्हते.

मग प्रत्येक बॅगेतून काय कमी करता येईल ते पाहू लागलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले. आमचा मोठा टॉवेल कोरडा ४३० ग्रॅम भरला. भिजवून हाताने घट्ट पिळल्यावरही ९०० ग्रॅमच्या वर. शाळेतले विज्ञानाचे सर गडकोट फिरतात. त्यांनी मायक्रोफायबरचा टॉवेल सुचवला. सुती धागा पाणी स्वतःच्या आत पितो, म्हणून ते लवकर सोडत नाही. मायक्रोफायबरचे तंतू अतिशय बारीक असतात. पाणी मुख्यतः तंतूंच्या मधल्या फटींत धरले जाते, त्यामुळे पिळले की बरेचसे निघून जाते. त्यांनी हे समजावले आणि आम्ही एक टॉवेल विकत घेतला. वजन १९० ग्रॅम.

नवव्या दिवशी तो अब्बांपुढे ठेवला. त्यांनी दोन बोटांत धरला. "इसमें सूत किधर है? ये तो छत्री का कपडा है!" मग मुलांना समोर बसवून खरा टॉवेल कसा होतो ते सांगितले. मागावर दोन भीम लागतात. एकाचा ताणा ओढलेला, दुसऱ्याचा सैल. सैल ताण्याचे फास उभे राहतात आणि तेच पाणी टिपतात. छत्तीस वर्षांत इतके सविस्तर त्यांनी आम्हालाही कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

पण अब्बा कारागीर आहेत, पाहिल्याशिवाय निकाल देत नाहीत. त्यांनीच बादली मागवली. दोन्ही टॉवेल भिजवले, स्वतः पिळले आणि पंख्याखाली टांगले. नवा टॉवेल दोन तासांत वाळला. घरचा रात्री झोपताना काठाकडे ओलाच होता. अब्बा म्हणाले, "पोंछने में अपना. सुखाने में ये."

त्या वर्षी आम्ही पुन्हा महाबळेश्वरलाच गेलो, पाचहीजण. प्रत्येकाच्या बॅगेत एक हलका टॉवेल. अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगतो. टॉवेल घेताना लांबी-रुंदी पाहा. फार लहान टॉवेल स्वस्त मिळतात, पण कमरेला गुंडाळता येत नाहीत आणि सतर झाकला जात नाही. आम्ही ७० बाय १४० सेंटिमीटरचे घेतले. अंग घासून पुसू नका, कापड दाबून पाणी टिपा. धुताना सॉफ्टनर घालू नका, नाहीतर पाणी टिपायचे कमी होते. आणि धुक्यात तोही आपोआप वाळत नाही. घट्ट पिळून पंख्याखाली पसरावाच लागतो. अशा कापडाचे बारीक प्लास्टिकचे तंतू धुण्याच्या पाण्यातून वाहून जातात, म्हणून आम्ही तो प्रवासापुरताच ठेवला आहे. ज्यांना पॉलिस्टर नकोच, त्यांनी दोन पातळ सुती पंचे न्यावेत. तेही जाड टॉवेलपेक्षा पुष्कळ बरे.

परतीच्या दिवशी स्टँडचा तोच चढ लागला. मुलाने सवयीने हात पुढे केला. अब्बांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "हलकी है." आणि आमच्या पुढे चालू लागले.

घरी आल्यावर त्यांनी वुजू केला आणि दोरीवरचा आपला सोलापुरी टॉवेल ओढून तोंड पुसले. हलका टॉवेल मात्र स्वतः धुऊन, वाळवून, घडी घालून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिला. पुढच्या ऑगस्टला, इन्शाअल्लाह, तो तिथूनच निघेल.