इंग्लंडात खिशात, मलावीत हातात

आपली मुलंमुली आता परदेशात शिकायला जातात. कुणी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, कुणी कर्ज काढून. लंडनला पोचलं की आधी १०, किंग हेन्रीज रोडला जायचं, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले त्या घरासमोर फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. मीही काढला. त्याबद्दल काही म्हणणं नाही. मला लिहायचंय ते दुसऱ्या एका फोटोबद्दल, जो मी काढायला नको होता.

मी इंग्लंडात नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होते. तिथे वॉर्डात जाण्याआधी पहिली ताकीद मोबाईलची. पेशंटचा फोटो सोडाच, पलंगाजवळ सेल्फी काढली तरी चौकशी लागते. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे की सोशल मीडिया जबाबदारीने वापरा, दुसऱ्याच्या खासगीपणाचा कायम मान राखा. विद्यार्थ्यांकडूनही तीच अपेक्षा. आम्ही सगळे ते निमूट पाळायचो.

मग अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आमचा गट तीन आठवडे मलावीला, दक्षिणेतल्या एका सरकारी रुग्णालयात गेला. वॉर्डात शिरले आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. एका पलंगावर दोघी, खाली सतरंजीवर नातेवाईक. तिथे पेशंटसोबत राहणाऱ्या नातेवाइकाला गार्डियन म्हणतात. स्वयंपाक, धुणं, पेशंटला अंघोळ घालणं, सगळं तोच करतो. आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात चूल मांडून बसलेल्या बायका आठवा, म्हणजे कळेल.

आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल बाहेर आले. माझाही. माणसं तीच, शपथ तीच, फक्त देश बदलला आणि पेशंट गरीब झाला.

कमी दिवसांचं बाळ छातीशी धरून एक आई बसली होती. कांगारू मदर केअर, आपल्याकडेही करतात. चितेंजे म्हणजे तिथल्या बायकांचं रंगीत छापील कापड. त्यात बाळ गुंडाळलेलं, तिचा खांदा उघडा. मी मोबाईल दाखवून खुणेने विचारलं. तिने मान हलवली. मी फोटो काढला आणि गटावर टाकला. रात्री मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं, तिचा हात कापड वर ओढायला निघाला होता. तिचं होईपर्यंत मी थांबलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने शांतपणे विचारलं, "तुमच्या इंग्लंडच्या वॉर्डात असे फोटो काढता का?"

मला सांगावंसं वाटलं, अहो, मी इंग्लंडची नाही, मी नांदेडकडची, वस्तीतली. पण त्याचा काय उपयोग? मलावीच्या शहरांत भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं आहेत. तिथल्या माणसाला भारतीय चेहरा दिसला की आधी दुकानदार आठवणार. त्यात मी गोऱ्यांच्या गटासोबत आलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली. त्या आईच्या जागी बसून बघा. बाळ दोन किलोचंही नाही, समोर पांढऱ्या गणवेशातली परदेशी बाई. नाही म्हटलं तर उद्या औषध मिळेल का, ही शंका तिला आली असेल तर त्यात नवल काय? नाही म्हणायची सोय नसेल तर त्या होकाराला संमती म्हणायचं कसं? आमच्याकडे संमतीचा छापील कागदही होता. इंग्रजीत. ती बोलत होती चिचेवा.

हे मला कळायला हवं होतं, कारण मी दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे. मी चौथीत असताना वस्तीत आरोग्य शिबिर आलं. आजी म्हणाली, "थांबा साहेब, लुगडं बदलून येते." कॅमेरावाला म्हणाला, राहू द्या, असंच नैसर्गिक वाटतं. आमच्या घराची एक भिंत नुकतीच रंगवलेली, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर. आम्हाला उभं केलं पडक्या भिंतीपुढे. पुढे तो फोटो एका अहवालात छापून आला, खाली 'लाभार्थी कुटुंब'. आजीचं नाव नाही.

ही रीत जुनी आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ दरम्यान 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, भारतातल्या जातीजमातींच्या फोटोंचे. बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जात आहे. बाबासाहेबांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला १९१६-१७ चा फोटो आपण घराघरात लावतो, कारण त्यात ते प्राध्यापक आणि सहविद्यार्थ्यांच्या रांगेत आहेत, विद्यार्थी म्हणून.

मैत्रिणी म्हणतात, फोटो दाखवल्याशिवाय मदत कशी येणार? नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने २०१२ मध्ये यावर फिरकी घेणारा व्हिडिओ काढला होता: थंडीने कुडकुडणाऱ्या नॉर्वेकरांसाठी आफ्रिकेतले लोक हीटर गोळा करतात! हसू येतं, कारण नॉर्वेच्या माणसाला आपण कधी असं बघतच नाही. मदतच हवी असेल तर रिकाम्या औषधाच्या कपाटाचा फोटो काढा, चाळीस पेशंटमागे एकच नर्स असलेल्या ड्युटीच्या तक्त्याचा काढा. त्याने सरकारला प्रश्न पडतो. उघड्या खांद्याच्या आईने फक्त कीव येते.

पण आपण तरी काय करतो? अत्याचार झाला की फॅक्ट फाइंडिंगला गाडी जाते आणि उतरल्याउतरल्या मोबाईल वर होतात. खैरलांजीनंतर २००६ मध्ये मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. मीही ते पाहिले, तेव्हा शाळेत होते. कार्यकर्ते म्हणतात, ते फोटो नसते तर प्रकरण दाबलं गेलं असतं. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत चौदा वर्षांच्या एमेट टिलला ठार मारलं, तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिलने, शवपेटी उघडी ठेवायला लावली. ते फोटो 'जेट' मासिकात छापून आले आणि देश हादरला. पण तिथे ठरवणारी आई होती. आपल्याकडे बऱ्याचदा ठरवतो तो मोबाईलवाला, आणि घरचे अजून रडत असतात.

मलावीचा फोटो मी डिलीट केला. गटातल्या तीसजणांना डिलीट करायला सांगितलं, दोघांचं उत्तर आलं. उरलेल्यांच्या मोबाईलमध्ये ती आई अजून असेल.

परत आल्यावर आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत मी सुचवलं: पहिल्या भेटीत फोटो नाही, मोबाईल गाडीतच ठेवायचे, घरच्यांशी बोलून, त्यांना हवा तोच फोटो, हवा तेव्हा. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले, "ताई, तोवर पुरावा पुसला जाईल." मी म्हटलं, सर, पुराव्याचा फोटो काढा, तो वकिलाकडे आणि पोलिसात द्या, स्टेटसला कशाला? त्यावर बराच वाद झाला. एकमत अजून झालेलं नाही; पुढच्या बैठकीत विषय पुन्हा घेतला आहे.