डुब्रोव्निकला जावयाचें तर

युरोपचा प्रवास म्हटला कीं आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडचीं हिमाच्छादित शिखरें हींच प्रथम उभीं राहतात. पंधरा दिवसांत आठ देश पाहून आल्याचें कोणी सांगितलें म्हणजे ऐकणारासही धन्यता वाटते. परंतु एखादें लहानसें गांव निवडावें, त्याचा इतिहास अगोदर वाचावा आणि तेथेंच चार दिवस मुक्काम करावा, ह्या प्रकारच्या प्रवासाची गोडी आपल्याकडे अजून फारशी रुजलेली दिसत नाहीं. भूमध्य समुद्राचा जो फांटा एड्रियाटिक ह्या नांवानें इटली व बाल्कन प्रदेश ह्यांच्यामधून उत्तरेकडे शिरला आहे, त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील डुब्रोव्निक हें गांव अशा प्रवासास अत्यंत योग्य होय. आज तें क्रोएशिया देशांत मोडतें.

ह्या गांवाचें जुनें नांव रगूझा. १३५८ पासून १८०८ पर्यंत, म्हणजे सुमारें साडेचारशें वर्षें, येथें एक लहानसें प्रजासत्ताक नांदत होतें. वर्चस्व प्रथम हंगेरीच्या राजाचें आणि पुढें तुर्की सुलतानाचें. परंतु घरचा कारभार सर्वस्वीं गांवच्या सरदार घराण्यांच्या हातीं असे. सुलतानास दरसाल साडेबारा हजार डुकाट खंडणी पोंचती करावी आणि त्याच्या सर्व मुलखांत व्यापाराची मोकळीक मिळवावी, हा त्यांचा व्यवहार. राज्याचा मुख्य, ज्यास रेक्टर म्हणत, तो केवळ एका महिन्यापुरता निवडला जाई. आणि त्या महिन्यांत राजकार्यावांचून वाड्याबाहेर पाऊल टाकण्याची त्यास मुभा नसे. खासगी गोष्टी विसराव्या आणि सार्वजनिक कामांत लक्ष घालावें, अशा अर्थाचें लॅटिन वाक्य सभागृहाच्या दारावर कोरलेलें होतें. चार बिऱ्हाडें एका छपराखालीं सांभाळणाऱ्या आपल्या कर्त्या पुरुषांस ह्या वाक्याचें मोल निराळें सांगावयास नको.

ह्या लोकांचा खरा गुण म्हणजे दूरदृष्टि. फ्रान्सिस्कन मठांतील औषधालय १३१७ सालचें. तेथें आजही औषधें मिळतात. १४१६ सालीं ह्या प्रजासत्ताकानें गुलामांच्या व्यापारास बंदी घातली. १४३८ च्या सुमारास नेपल्सकडील ओनोफ्रिओ नांवाच्या स्थापत्यविशारदाकडून जवळजवळ बारा किलोमीटर अंतरावरून पाणी आणविलें. त्याच्या मोठ्या कारंजाच्या सोळा मुखांतून पाणी अद्यापि वाहतें. परंतु सर्वांत मोठी गोष्ट १३७७ सालची. त्या वर्षीं असा नियम झाला कीं, प्लेगच्या प्रदेशांतून येणाऱ्यानें एक महिना जवळच्या एका बेटावर किंवा त्साव्ताट गांवीं काढल्यावांचून नगरांत पाऊल टाकूं नये. पुढें महिन्याचे चाळीस दिवस झाले आणि चाळीस ह्या संख्येच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द जगभर रूढ झाला. नगराच्या पूर्व वेशीबाहेरील लाझारेतीच्या दगडी कोठ्या ह्याच व्यवस्थेच्या पुढील काळांतील खुणा आहेत. ज्यांचें पोट परक्यांच्या येण्यावर चालत होतें, त्यांनींच परक्यास दाराशीं थांबविण्याची रीत बसविली. येणाऱ्यास हांकलूं नये, पण मर्यादेवांचून आंतही घेऊं नये, हा त्यांतील मध्यम मार्ग होय.

आपल्या बाजूसही ह्या गांवाचा एक धागा येऊन पोंचला आहे. डुब्रोव्निकचा रक्षक संत ब्लेझ. त्याचा उत्सव दरवर्षीं ३ फेब्रुवारीस तेथें मोठ्या थाटानें होतो. जुन्या गोव्याजवळील गवंडाळी गांवांत त्याच संताच्या नांवाचें चर्च आहे आणि त्याचा संबंध परंपरेनें रगूझाच्या व्यापाऱ्यांशीं जोडला जातो. गोव्यास जाणाऱ्यांनीं वाट किंचित् वांकडी करून तें अवश्य पाहावें.

६ एप्रिल १६६७ रोजीं भूकंपानें हें नगर उद्ध्वस्त केलें व हजारों माणसें दगावलीं. उरलेल्यांनीं तें पुन्हां उभारलें. १८०६ सालीं फ्रेंच फौजा आंत शिरल्या आणि १८०८ सालीं प्रजासत्ताक बरखास्त झालें. युगोस्लाव्हिया मोडत असतां १९९१ च्या ऑक्टोबरांत नगरास वेढा पडला आणि ६ डिसेंबर रोजीं जुन्या भागावर तोफांचा मोठा भडिमार झाला. त्या युद्धांत तेथील दोन-तृतीयांशांहून अधिक इमारतींस गोळे लागले. तटावरून पाहिलें असतां घरांच्या छपरांवर कोठें फिकट जुनीं कौलें, तर कोठें लालभडक नवीं कौलें दिसतात. यात्रेकरू त्या लालीचीं छायाचित्रें घेतात. तीच त्या हिवाळ्याची खूण होय, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

आजचें संकट निराळें आहे, आणि त्यांत आपणही भागीदार आहों. भव्य प्रवासी जहाजें, एका इंग्रजी दूरचित्रमालिकेनें मिळवून दिलेली कीर्ति आणि घरोघर चालणारा भाड्याच्या खोल्यांचा धंदा, ह्यांमुळें तटाच्या आंत कायम राहणारीं कुटुंबें भराभर बाहेर पडलीं. युद्धापूर्वीं तेथें कांहीं हजार लोक राहत असत. आज दोन हजारही उरलेले नाहींत. म्हणून २०१९ पासून एका वेळीं दोनच जहाजें आणि त्यांतून चार हजार प्रवासी, अशी मर्यादा घालण्यांत आली. महिनाभर बाहेर थांबविण्याच्या त्या जुन्या नियमाचाच हा वारस होय.

आमच्याच घरीं येत्या वसंतांत तेथें जाण्याचा बेत चालला आहे, आणि त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. काकांचें म्हणणें, "एवढा खर्च करून जायचें तर इटली, ग्रीस सर्व उरकून घ्यावें." आजीनेंही विचारलें, "अरे, एका गांवांत चार दिवस करायचें तरी काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु जो प्रवासी सकाळीं उतरतो आणि सायंकाळीं परततो, त्याच्याकडून गांवास गर्दीखेरीज फारसें कांहीं मिळत नाहीं. जो चार रात्री राहतो, मंडईंत भाजी घेतो आणि शेजाऱ्यास नमस्कार करतो, तोच पाहुणा ह्या नांवास पात्र होतो.

आतां बेताविषयीं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन व्यवस्थेंत आला आणि त्याच दिवशीं तेथें युरो हें नाणें सुरू झालें. तेव्हां शेंगेन व्हिसा हवा. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो. जुलै-ऑगस्टचे महिने वर्ज्य समजावे; एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. गांवीं आगगाडी येत नाहीं. विमानतळ सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. स्प्लिटकडून मोटारीनें येणाऱ्यांस २०२२ सालीं खुला झालेला पेल्येशात्सचा पूल लागतो. तो कां बांधावा लागला, ह्याचें कारण मौजेचें आहे. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीस भिडूं नये म्हणून १६९९ च्या तहाच्या वेळीं रगूझानें किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी आपखुषीनें तुर्कांस देऊन टाकली. ती आज बॉस्नियाकडे आहे. ती ओलांडावी लागूं नये म्हणून हा पूल!

वडीलधाऱ्यांसाठीं बिऱ्हाड विचारपूर्वक ठरवावें. स्त्रादून हा मुख्य रस्ता सपाट आहे व तटाच्या आंत वाहनें नसतात. परंतु उत्तरेकडील गल्ल्या म्हणजे केवळ पायऱ्याच. गुडघे कुरकुरत असतील त्यांनीं लापाद भागांत उतरून बसनें यावें. तटाची प्रदक्षिणा १९४० मीटरांची, चढउतारांची. ती सकाळीं दारें उघडतांच तरुण मंडळींनीं करावी. आजीआजोबांस सर्ज टेंकडीवर नेणारा पाळणा आहे. युद्धांत मोडलेला तो २०१० सालीं पुन्हां सुरू झाला, आणि वरून सारें नगर तळहाताएवढें दिसतें. एक दिवस होडीनें जवळच्या लोक्रुम बेटावर जावें; तेथें मोर फिरतात.

तेथील जेवण मुख्यत्वें मासळीचें. शाकाहारी कुटुंबानें स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाडच घ्यावें. गुंडुलिच चौकांतील सकाळच्या बाजारांत भाजीपाला आणि सुके अंजीर मिळतात. ब्लित्वा नांवाची पालेभाजी बटाट्याबरोबर लसूण व ऑलिव्हच्या तेलावर करतात. ती आपल्या वरणभाताशेजारीं बेलाशक शोभेल. तेवढें तांदूळ-डाळीचें गांठोडें मात्र बरोबर न्यावें, आणि पाण्यासाठीं रिकामी बाटली. ओनोफ्रिओचें कारंजें आहेच.