हूल

पत्त्यांना आमच्या घरात थारा नव्हता. बावन्न पत्ते उंबरठ्याच्या आत आले की बरकत बाहेर जाते, असे अब्बा म्हणत. पुढे आम्ही कोकणातल्या एका हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवले. संभाव्यतेचा धडा आला की पत्त्यांचीच उदाहरणे द्यावी लागत. फळ्यावर चार भागिले बावन्न लिहिताना अब्बांचा चेहरा डोळ्यांपुढे येई. पुस्तकातला पत्ता हराम नसतो, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती.

2021 साली कॉलेजे बंद होती. बहिणीच्या गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून इंजिनिअरिंगला असलेला भाचा आमच्याकडे राहायला आला. मेहुणे कुवेतला. एका रात्री त्याने आम्हांला पोकरच्या एका जुन्या सामन्याचे चित्रण दाखवले. मे 2003, लास वेगासमधली जागतिक स्पर्धा. दहा हजार डॉलर प्रवेश फी, 839 खेळाडू, पहिले बक्षीस पंचवीस लाख डॉलर. शेवटी दोघेच उरले होते. एक लेबनॉनमध्ये जन्मलेला मुरब्बी व्यावसायिक, सॅम फारहा. दुसरा टेनेसीचा हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर. शंभर डॉलरहूनही कमी फीची एक ऑनलाइन स्पर्धा जिंकून हा तिथवर पोहोचला होता.

एका डावात फारहाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. चौथा पत्ता उघडला तेव्हा त्याला इस्पिकचा एक पत्ता मिळाला असता तर पाच इस्पिक झाले असते; पंजा किंवा दश्शी मिळाली असती तरी ओळीने पाच पत्ते लागले असते. आली बदामाची तिर्री. हातात काहीच नाही. तरी त्याने आपल्या सगळ्या सोंगट्या पुढे सरकवल्या. फारहाने बराच वेळ विचार केला आणि सरस पत्ते टाकून दिले. थोड्या वेळाने मनीमेकर स्पर्धा जिंकला.

"मामू, हूल कधी द्यायची हे त्याने कसं ठरवलं असेल?" भाच्याने विचारले.

निवृत्त मास्तरला कुणी गणित विचारले की त्याचे भान सुटते. आम्ही वही घेतली.

पहिली गोष्ट हिशेबाची. मध्ये तीन हजार सोंगट्या आहेत आणि तू दीड हजारांची हूल देतोस. तीनांत एकदा समोरच्याने पत्ते टाकले तर तुझी बरोबरी. तीन हजारांची दिलीस तर दोनांत एकदा टाकायला हवेत. स्पर्धेत मात्र याहून जरा जास्त खात्री हवी, कारण तिथे हरलेली सोंगटी जिंकलेल्या सोंगटीपेक्षा महाग असते. सगळ्या गेल्या की खुर्ची सोडायची.

दुसरी गोष्ट वेळेची. शंभरजण खेळताहेत, बक्षिसे पंधरांना, आणि उरलेत सोळा. अशा वेळी मधल्या ऐपतीचा खेळाडू सर्वांत भित्रा असतो. त्याला हूल लागते. ज्याच्याकडे दोनचार सोंगट्याच उरल्यात त्याला ती लागत नाही, आणि ज्याच्याकडे ढीग आहे त्यालाही नाही.

तिसरी गोष्ट गोष्टीचीच. पहिल्या चालीपासून जे सांगत आलास तेच शेवटी सांगायचे. मध्येच कथा बदलली की समोरचा ओळखतो.

आणि चौथी, जो कधी पत्ते टाकतच नाही त्याला हूल द्यायची नाही.

भाच्याने सगळे लक्ष देऊन ऐकले. आम्ही खूश झालो.

2022 च्या ईदनंतर त्याचा पुण्याहून फोन आला. आधी पुस्तकांसाठी तीन हजार मागितले होते, मग खोलीच्या भाड्यासाठी आठ. आता फीचा शेवटचा हप्ता, चाळीस हजार. अब्बांचा पगार तिकडे थकलाय, अम्मीला सांगू नका, ती काळजी करील. आम्ही पैसे पाठवले.

खरे तर रमजानमध्येच बहीण आम्हांला म्हणाली होती की कुवेतहून फीचे पैसे आले. ते आम्हांला आठवत होते. एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण मुलगा खरा निघाला तर आपण त्याच्यावर शक घेतला असे होईल, आणि खोटा निघाला तर बहिणीच्या डोळ्यांत पाणी. दोन्ही नको होते. नव्व्यांची जोडी आमच्या हातात होती आणि आम्ही ती खाली ठेवली.

चार महिन्यांनी कॉलेजकडून पत्र आले. फी भरलेलीच नव्हती. कुवेतचे पैसे आणि आमचे पैसे, दोन्ही मोबाइलवरच्या पोकरमध्ये गेले होते.

तो घरी आला. मान खाली. आम्ही विचारले, एवढा हिशेब समजावला होता, तरी?

"तिथे हूल चाललीच नाही, मामू. छोट्या टेबलांवर कुणी पत्ते टाकतच नाही." थोडा थांबून तो म्हणाला, "घरीच चालली."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. वेळ त्याने बरोबर साधली होती. कथा तीन हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत सरळ वाढवत नेली होती. माणूसही अचूक हेरला होता, हरण्याला भिणारा. सगळे आमच्याच वहीतले. फरक एवढाच की टेबलावर बसणारा प्रत्येकजण फसवले जाण्याची तयारी ठेवून बसतो. आम्ही कुठल्या टेबलावर बसलो होतो?

सूरह माइदामध्ये जुगाराला शराबच्या शेजारी बसवले आहे. कारण सांगताना पैशांचे नाव नाही. आपसातले वैर आणि नमाजचा विसर, हे सांगितले आहे. ती आयत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आम्हांला वाटे, वैर म्हणजे जुगाऱ्यांची मारामारी. दोन वर्षे बहिणीने आमच्याशी धड बोलणे ठेवले नाही, तेव्हा अर्थ कळला. "तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलास," एवढेच ती म्हणाली होती. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मोहल्ल्यात लोक खूश झाले, आम्हीही झालो. पण आमच्या घरात हूल लागली ती मोबाइलमुळे नाही. आम्ही विचारायला घाबरलो, म्हणून लागली.

भाचा आता नोकरीला आहे. दर महिन्याला दोन हजार फेडतो. परवा त्याने मोटारसायकलच्या दुरुस्तीसाठी पाच हजार मागितले. आम्ही म्हणालो, "बिल पाठव." फोनवर क्षणभर शांतता. आमचीही जीभ जड झाली होती. दहा मिनिटांत बिलाचा फोटो आला. चार हजार सहाशेचे होते. आम्ही तेवढेच पाठवले, आणि मग बहिणीला फोन करून तसे सांगितले.