यात तुमची चूक नाही

बडनेरा सुटलं, मूर्तिजापूर अजून यायचं होतं. अकोल्याला निघालो होतो, मीच लिहिलेला कोड दुरुस्त करायला. खिडकीबाहेर वावरं मागे पळत होती. डोळ्यांसमोरून एक आजोबा मात्र हलत नव्हते.

परवा केंद्रावर तुरीची नोंदणी चालू असताना पडद्यावर 1040 हा आकडा आणि इंग्रजीची एक ओळ उमटली. आजोबांनी दुपट्ट्याच्या टोकानं काच पुसली. "बाबू, माह्यं काही चुकलं काय?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एका वेळी झेपतात त्याहून जास्त जोडण्या डेटाबेसकडे आल्या होत्या. मायएसक्यूएल तेच सांगत होतं. पण ते ऐकायला मी होतो, आजोबा नव्हेत.

अकोल्याला पोचून कोड बदलला. आता मूळ त्रुटी लॉगमध्ये जाते, मध्येच फसलेली नोंद रोलबॅक होते. 2020 साली आलेल्या पीएचपी 8.0 पासून क्वेरी फसली की डेटाबेसशी बोलणारं पीडीओ आपणहून एक्सेप्शन फेकतं. त्याआधी, तशी सोय केली नसेल तर, ते गप्प राहायचं. त्या गप्प राहण्याची मला जास्त भीती वाटते. नोंद झाली समजून माणूस गावी परततो.

पडद्यावरच्या तीन वाक्यांना मात्र दुपार लागली. "तुमची नोंद अजून झालेली नाही. यात तुमची चूक नाही. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा." थोडा वेळ म्हणजे किती, ते अजून ठरत नाही.

संध्याकाळपर्यंत आजोबा आले नव्हते.